अण्णांची जांभई

गोष्ट दहा सेकंदांचीसुद्धा नाही. दुपारचे चार वाजले असतील, आई ताटात शेंगा फोडत बसलेली, मी लॅपटॉप मांडीवर घेऊन ऑफिसच्या कॉलमध्ये असून नसल्यासारखी, आणि अण्णा कॉटवर उशांना टेकून खिडकीबाहेर बघत होते. त्यांना जांभई आली. चांगली लांबलचक, डोळ्यांत पाणी आणणारी. आणि त्या जांभईसरशी त्यांचा उजवा हात, जो पाच आठवडे आम्ही ठेवू तिथे आणि ठेवू तसा पडून असायचा, तो कोपरात वाकला आणि सावकाश वर आला. पार छातीपर्यंत. बोटं अर्धवट मिटलेली, मनगट लोंबतंय, पण हात हवेत. जांभई संपेपर्यंत तो तसाच तरंगत राहिला, मग श्वास सुटला तसा खाली चादरीवर टेकला. आई उठली ती शेंगांच्या ताटासकट, टरफलं सगळ्या खोलीभर. "अगं हात हलला! अहो, हात हलला तुमचा!" अण्णा स्वतःच्या हाताकडे बघत होते, अंथरुणात दुसऱ्याच कुणाचं काहीतरी सापडावं तसे.

"परत करा बघू," आई म्हणाली. अण्णांनी जोर लावला. कपाळावर आठ्या आल्या, डावा खांदा वर गेला, तोंड वाकडं झालं. हात ढिम्म.

तरीपण आईने देवापाशी दिवा लावला, इस्लामपूरला मामाला फोन केला, आत्याला केला, आणि संध्याकाळी सहाच्या सुमारास आमच्या कराडच्या त्या दोन खोल्यांत सात माणसं अण्णांच्या कॉटभोवती बसून हाताकडे टक लावून बघत होती, शेवटच्या ओव्हरला सहा रन हवे असताना बघतात तशी. काही झालं नाही. चहा झाला, कुणीतरी कबुतराचं रक्त चोळण्याचा विषय काढला (आमच्याकडे लकव्याला कबुतर निघतंच कुठून तरी, माझ्या अंगावर शहारा येतो), माणसं गेली. रात्री साडेनऊला अण्णांना झोप आली, जांभई आली आणि हात परत वर.

त्या रात्री मी पुण्याला परत जायचं रद्द केलं आणि मोबाईलवर शोधत बसले. ते नंतर सांगते.

आमच्याकडे जुनी माणसं लकवा झाला, स्ट्रोक आला असं म्हणत नाहीत, अंगावरून वारं गेलं म्हणतात. लहानपणी मला हे ऐकायला भारी वाटायचं, डोळ्यासमोर यायचं की माणूस शेताच्या बांधावर उभा आहे आणि एक झुळूक येऊन अर्ध्या अंगातलं काढून घेऊन गेली. आता नाही भारी वाटत. आमच्या घरात ते वारं रात्री झोपेत कधीतरी येऊन गेलं, दारं-खिडक्या बंद असताना. सकाळी सहाला आई उठवायला गेली तेव्हा अण्णांचं तोंड एका बाजूला ओघळलेलं आणि उजवी बाजू पिठाच्या पोत्यासारखी. हॉस्पिटलमध्ये पोचेस्तोवर पावणेआठ. डॉक्टरांनी पहिला प्रश्न विचारला तो हा की शेवटचं धडधाकट कधी बघितलंत. झटका कधी आला याला अर्थ नसतो, झोपेत कोण घड्याळ बघणार, म्हणून शेवटचं चांगलं बघितलं तिथून वेळ मोजतात, आणि गुठळी विरघळवायचं ते इंजेक्शन सहसा साडेचार तासांच्या आत द्यावं लागतं. आई म्हणाली, दीड वाजता लघवीला उठले होते, चालत गेले, चालत आले, दिवासुद्धा स्वतः बंद केला. दीड ते पावणेआठ. डॉक्टर काही बोलले नाहीत, नुसतं लिहून घेतलं. आईने मला खूप दिवसांनी सांगितलं की चारच्या सुमारास तिला काहीतरी घरघर ऐकू आली होती आणि "हे नेहमीचंच घोरणं" म्हणून ती कूस बदलून झोपली. असा मोठा स्ट्रोक उपचाराविना राहिला की मिनिटाला मेंदूतल्या साधारण १९ लाख चेतापेशी जातात असा एक आकडा मी वाचलाय. तो आईला सांगितलेला नाही. चार ते सहा म्हणजे १२० मिनिटं, पुढचा गुणाकार मीही केला नाही.

अण्णा शिंपी. पस्तीस-चाळीस वर्षं बाजारपेठेतल्या त्याच अरुंद दुकानात, एक पायमशीन, एक काज-बटणवाला पोरगा, आणि मागे भिंतीला लागून कटिंगचं टेबल. त्यांची कात्री दहा इंची, इतकी जड की लहानपणी मला एका हाताने उचलायची नाही. तिने कागद कापायचा नाही हा घरातला एकमेव कडक नियम, कागदाने धार जाते. एकदा मी त्या कात्रीने प्रोजेक्टचं चित्र कापलं आणि अण्णांनी दोन दिवस माझ्याशी बोलणं टाकलं होतं, मारलं असतं तर बरं अशी गत. कापड पसरायचं, तळहात फिरवून सुरकुती काढायची, निळ्या खडूने मार्किंग, आणि मग कात्रीचं खालचं पातं टेबलाला टेकलेलंच ठेवून एका दमात बाहीची गोलाई. करर करर आवाज, तोही कापडागणिक वेगळा, मी डोळे मिटून सांगू शकायचे की आता टेरिकॉट चाललंय की सुती. त्यांच्या उजव्या अंगठ्याला आतून एक घट्टा होता, कात्रीच्या कडीने झालेला, पिवळट आणि गुळगुळीत. पाच आठवडे रोज रात्री त्या हाताला महानारायण तेल चोळताना मला एक दिवस कळलं की तो घट्टा मऊ पडलाय, कडा सुटायला लागल्यात. पॅरालिसिस म्हणजे काय हे मला स्कॅन बघून नाही कळलं, तिथे कळलं.

कारण खरं सांगायचं तर हाताला काहीच झालेलं नसतं, आणि हीच गोष्ट डोक्यात शिरत नाही. हाड शाबूत, स्नायू शाबूत, चिमटा काढला तर अण्णा "स्स" करायचे. बिघडलंय ते भलतीकडे, डोक्यात, आणि तेसुद्धा उलट्या बाजूला, कारण मेंदूतून हाता-पायाला हुकूम घेऊन जाणारे तंतू मानेच्या जरा वर एकमेकांना ओलांडून पलीकडे जातात, शंभरातले पंच्याऐंशी-नव्वद तरी. हे माणसाला कळायला किती उशीर झाला बघा. १८७० साली बर्लिनमध्ये फ्रिट्श आणि हिटझिग या दोघा डॉक्टरांनी कुत्र्याच्या मेंदूला पुढच्या भागात अगदी हलका करंट लावला आणि पलीकडचा पाय हलला. लॅब नव्हती म्हणून हे सगळं हिटझिगच्या घरी त्याच्या बायकोच्या ड्रेसिंग टेबलवर केलं असं सांगतात. मला त्या बाईचा विचार येतो, पावडरचा डबा बाजूला सरकवून तिथे कुत्रं. पुढे १८८१ मध्ये लंडनच्या मोठ्या मेडिकल काँग्रेसमध्ये फेरियर नावाच्या डॉक्टरने मेंदूचा तो भाग काढलेलं एक माकड सगळ्यांना दाखवलं, एका बाजूने लुळं, आणि ते बघून पॅरिसचे नामांकित डॉक्टर शार्को म्हणाले म्हणे, हा तर पेशंटच! अण्णांना व्हीलचेअरवरून पहिल्यांदा वॉर्डाबाहेर काढलं तेव्हा लिफ्टपाशी उभी असलेली माणसं ज्या नजरेने बघत होती ना, तेव्हा मला उगाच ते माकड आठवलं.

मग माँट्रियलचे सर्जन पेनफिल्ड. ऑपरेशन चालू असताना पेशंट जागा, डोकं उघडं, आणि हे एकेक जागी हलका करंट लावून बघताहेत, इथे काय हललं, तिथे काय हललं. १९३७ मध्ये त्यांनी तो नकाशा छापला, आणि त्यावरून जो माणूस काढतात तो विचित्रच दिसतो, छाती-पोट नावाला, आणि ओठ, जीभ, हात प्रचंड, अंगठा तर केवढा. मेंदूला ज्या अवयवाकडून बारीक काम करून घ्यायचंय त्याला जागा जास्त. माझी खात्री आहे की अण्णांच्या डोक्यातल्या त्या बुटक्याचा अंगठा कात्रीएवढा असणार. त्याच नकाशात आणखी एक गोम आहे, जी मला कुणी आधी सांगितली असती तर मी आईवर इतकी चिडचिड केली नसती. पायाची जागा मेंदूच्या दोन अर्ध्यांमधल्या फटीत, आतल्या बाजूला आहे आणि तिला रक्त देणारी नळी वेगळी. हात आणि तोंड बाहेरच्या बाजूला, आणि अण्णांची बंद पडलेली नळी ती तिकडची, डाव्या बाजूची मधली. म्हणून पाय हळूहळू परत आला. दुसऱ्या महिन्यात काठी घेऊन संडासापर्यंत जायला लागले. हात नाही आला. आई म्हणायची तू पायालाच जास्त तेल लावतेस.

बोलणंही तिथंच, डावीकडेच. झटक्यानंतर अण्णांकडे एकच शब्द उरला, "असू दे". गिऱ्हाईक पैसे द्यायला का-कू करायला लागलं की ते म्हणायचे ना, असू दे, नंतर द्या, ते. पाणी हवंय, असू दे. कूस बदलायचीय, असू दे. मी कोण, असू दे. सगळं समजायचं त्यांना, डोळ्यांत दिसायचं, आणि तोंडातून तेच यायचं म्हणून चिडायचे आणि चिडूनसुद्धा तेच म्हणायचे. पॅरिसला ब्रोका नावाच्या डॉक्टरकडे १८६१ मध्ये एक पेशंट आला होता, लबॉर्न्य त्याचं नाव, तो काहीही विचारलं तरी "तां" एवढंच म्हणायचा म्हणून हॉस्पिटलात सगळे त्याला तांच म्हणायचे. एकवीस वर्षं दवाखान्यात, पुढे उजवी बाजूही गेली, अण्णांसारखीच. आजारी पडायच्या आधी तो चांभारांना लागणारे बुटांचे लाकडी साचे बनवायचा, म्हणजे हातावरच पोट असलेला माणूस. आणि हे वाचून मी रात्री एकटीच हसले, की तो भयंकर चिडला की मात्र एक शिवी अख्खी, स्वच्छ बाहेर पडायची. कारण आमच्याकडेही तेच. वॉकरचा पाय अण्णांच्या अंगठ्यावर आला तेव्हा त्यांनी जी शिवी घातली ती इतकी ठणठणीत होती की आईने कानाला हात लावले आणि मग पदर तोंडाला लावून रडायला लागली, आनंदाने. गणपतीत आरतीला पण. टाळ्यांचा ठेका धरला की कडव्यामागून कडवी बरोबर म्हणायचे, एक अक्षर चुकत नव्हतं. आरती संपली, प्रसाद हवा का विचारलं, असू दे.

फिजिओथेरपीच्या हॉलमध्ये मी तीन महिने शनिवार-रविवार बसलेय. तिथे फिनेलचा आणि घामाचा वास, एका कोपऱ्यात सायकल, भिंतीला मोठा आरसा, आणि मेंदूचा एकेक कोपरा बिघडलेली माणसं. एक रिक्षावाले दादा होते, त्यांचा लहान मेंदूच दुखावला होता, मागचा, मानेच्या वरचा. ताकद भरपूर, माझा हात दाबला तर कळ यायची, पण "बोट नाकाला लावा" म्हटलं की बोट नाकाजवळ जाता जाता थरथरायला लागायचं, जवळ गेलं की जास्त, आणि शेवटी गालाला लागायचं. चालणं तर्र माणसासारखं. रस्त्यावर लोक दारुडा समजतात म्हणून त्यांनी बाहेर पडणं सोडलं होतं, आणि गंमत म्हणजे दारूसुद्धा याच लहान मेंदूला झोडपते, म्हणून तर बेवडा तसा चालतो. मेंदूच्या वजनात हा दहावा हिस्सा, पण डोक्यातल्या ८६ अब्ज चेतापेशींपैकी ८० टक्के याच्यात. ते दादा म्हणायचे, "ताई, पहिले हात आपापला जायचा ओ, आता दरवेळी त्याला पत्ता सांगायला लागतो."

दुसरे एक रिटायर्ड गुरुजी, कंपवाताचे. त्यांचं उलटं. ते हॉलच्या मध्यात ठीक चालायचे आणि दारापाशी आले की पाय जमिनीला चिकटायचे, खिळे ठोकल्यासारखे. मागून कितीही "चला गुरुजी" करा. फिजिओ मुलीने फरशीवर पिवळ्या चिकटपट्टीच्या रेघा मारल्या होत्या, त्या ओलांडायच्या म्हटलं की गुरुजी टणाटण जायचे. बघणाऱ्याला वाटावं नाटक करतात. पुण्यात वाढलेल्या मिलेहा सोनेजी या डिझायनरला तिच्या काकांमध्ये असंच दिसलं होतं, सपाट जमिनीवर अडखळणारे काका जिना सहज उतरायचे, म्हणून तिने सपाट फरशीवर जिन्याचं चित्रच घातलं, आणि काका त्यावरून चालले. या आजारात मेंदूच्या आत खोलवर असलेल्या एका काळसर पट्ट्यातल्या पेशी मरतात आणि त्यांनी बनवायचं डोपामिन कमी पडतं. आपणहून सुरुवात करणं अवघड होतं, पण समोर रेघ आली, पायरी आली की दुसऱ्या वाटेने काम होतं. गुरुजींच्या गोळीत जे लेव्होडोपा असतं ते आपल्या खाजकुयलीच्या बियांतही असतं हे मला तिथे कळलं. आम्ही शाळेत असताना खाजकुयलीची कुसं पोरांच्या बाकावर टाकायचो. हे गुरुजींना सांगितलं तर ते म्हणाले, "माझ्या खुर्चीवर पण टाकली होती एकदा, ब्याऐंशी साली," आणि त्यांच्या त्या कोऱ्या, हलत नसलेल्या चेहऱ्यावर कुठे हसू आलं का ते मला काही समजलं नाही.

हसू म्हणजे, त्याचंही तसंच आहे. डॉक्टर म्हणायचे, काका हसून दाखवा, दात दाखवा, तर अण्णांचा डावा ओठ वर जायचा आणि उजवा लोंबलेलाच. आणि माझी चार वर्षांची पोरगी त्यांची काठी घोडा करून घरभर फिरली तेव्हा ते हसले ते दोन्ही बाजूंनी, सरळ, पहिल्यासारखे. मी फोटो काढायला गेले आणि म्हटलं अण्णा इकडे बघून हसा, की परत वाकडं. सांगून हसायची वायर वेगळी आणि आतून हसायची वेगळी.

तर ती जांभईची रात्र. मी काय काय टाईप केलं आठवत नाही, इंग्रजीत, मराठीत, शेवटी दीड-दोन वाजता सापडलं. याला नाव आहे. पॅराकायनेसिया ब्रेकियॅलिस ऑसिटान्स. वालुसिंस्की नावाच्या फ्रेंच डॉक्टरांनी २००५ च्या सुमारास हे नाव ठेवलं, पण असा हात वर जाताना डॉक्टरांनी एकोणिसाव्या शतकापासून बघितलेलं आहे. जांभई निघते मेंदूच्या देठातून, फार जुन्या भागातून, आणि त्यांचा अंदाज असा की वरचा, शहाणा मेंदू तुटला की देठातले ते जुने तंतू मोकळे सुटतात आणि जांभईच्या मोठ्या श्वासाबरोबर हाताला हिसका देतात. अण्णांचा त्यात काही संबंध नाही. अण्णांनी तो हात उचललेला नाही. आणि हात बरा होतोय याची ती खूणही नाही. मला आधी आनंद झाला, नाव सापडल्याचा, कोडं सुटल्यावर होतो तो, आणि लगेच पोटात ढवळलं, कारण पलीकडच्या खोलीत देवापुढचा दिवा अजून तेवत होता.

सकाळी सांगितलं. सांगायला नको होतं का, मला अजून ठरवता आलेलं नाही. आई कणीक मळत होती. मी जमेल तसं, रस्ते दोन असतात, मोठा रस्ता तुटलाय, हा हात जातो तो जुन्या बोळातून, आणि त्या बोळातून आपल्याला हवं तेव्हा जाता येत नाही, असं काहीबाही बोलत राहिले. ती मळतच राहिली. मग म्हणाली, "म्हणजे इन्व्हर्टरसारखं." मला कळेना. "अगं लाईट गेल्यावर हॉलचा पंखा चालतो, मिक्सर नाही चालत. लाईन वेगळी असते ना." मी म्हटलं हो, तसंच. तिने परातीला चिकटलेली कणीक बोटाने निपटून काढली. "पण पंखा फिरतो ना."

यावर काय बोलणार. मी आंघोळीला गेले.

चौथ्या महिन्यात अण्णांनी खुणेने कात्री मागितली. आईने जुनी चादर टेबलावर पसरली, मी डाव्या हातात कात्री दिली. आणि तिथे मला इतक्या वर्षांत पहिल्यांदा समजलं की कात्री उजव्या हाताची असते. उजव्या हाताची बोटं मिटताना पाती एकमेकांवर दाबली जातात, डाव्या हाताने ती फाकतात, मग कापड कापत नाही, नुसतं दोन पात्यांमध्ये दुमडून चावलं जातं. अण्णांनी दोनदा चावलेलं कापड सोडवलं. तिसऱ्यांदा कात्री टेबलावर ठेवली, पाती मिटून, टोक भिंतीकडे, रोज दुकान बंद करताना ठेवायचे तशी. असू दे, म्हणाले. त्या वेळी मात्र तो शब्द अगदी बरोबर जागी पडला.

मागच्या शनिवारी मी न कळवता गेले. दार उघडंच होतं, चपला काढता काढता आत बघितलं तर आई अण्णांच्या समोर स्टूल घेऊन बसलेली आणि जांभया देत होती. खोट्या. आ वासायची, डोळे मिटायची, नाटकातल्यासारखा आवाज काढायची, परत आ. अण्णा वैतागून तिच्याकडे बघत होते, मान वळवायचे, परत बघायचे. पाचव्या का सहाव्या वेळी त्यांचा जबडा हलला. रोखायचा प्रयत्न केला त्यांनी, नाकपुड्या फुगल्या, आणि मग आलीच, मोठी, खरी. उजवा हात चादरीवरून उचलला गेला. आईने चटकन आपला तळवा त्याच्याखाली धरला, टेकवला नाही, बोटभर अंतर ठेवून नुसता धरला, आणि हात खाली येताना त्याच्याबरोबर आपला हात खाली आणत आणत चादरीपर्यंत नेला. कॅलेंडरवर दुधाच्या आकड्यांखाली तिने पेन्सिलीने काहीतरी मांडलं. मी हाक मारणार होते, पण तेवढ्यात दारात उभ्या उभ्या मलाच जांभई आली.